उरलेल्यासाठी

शुक्रवारी दुपारी सुगंधा कोरेटीला
एका कोंबडीच्या दोन दिसल्या.
ती हसली. घरचेही हसले.
संध्याकाळी पापण्या पडू लागल्या,
सासरा म्हणाला, "थकली बिचारी, निजू द्या."
रात्री जीभ जड झाली,
शेजारचा म्हणाला, "आज हिनंबी घेतली का जी?"
शनिवारची सकाळ
चष्म्याचा नंबर काढायचं ठरवण्यात गेली,
दुपार बस चुकण्यात.

हे तास मी नंतर मांडले, केसपेपरच्या पाठीवर,
कारण डॉक्टर सावसाकडेंनी विचारलं, "केव्हापासून?"
आणि चौघांनी चार वेळा सांगितल्या.

ताप नाही. शुद्ध पूर्ण.
बाहुल्या मोठ्या, टॉर्चला न जुमानणाऱ्या.
आणि कमजोरी वरून खाली उतरत असलेली,
शिडीवरून उतरावं तशी,
डोळे, जीभ, गळा, मान.
कुरखेड्याला येऊन डॉक्टरांना तीन महिने झालेले.
त्यांनी देवाजीला एवढंच विचारलं,
"बंद बाटलीतलं काही खाल्लं होतं का?"

वास्ते.
बचत गटाची पहिलीच खेप.
आजवर गावानं वास्ते उन्हात वाळवले,
नाहीतर मडक्यात आंबवले, तोंडाला फडकं बांधून.
यंदा काचेची बाटली, घट्ट झाकण, वर लेबल.
शहरात आंबट खपत नाही म्हणून आंबट कमी.
पहिली चव अध्यक्षानं घ्यायची.
अध्यक्ष सुगंधा.

औषध कुरखेड्यात नव्हतं, गडचिरोलीत नव्हतं,
नागपूर म्हणालं, बघतो.
डॉक्टर फोनवर ओरडत नव्हते,
त्याचीच मला भीती वाटली.
शेवटी दूरच्या कुठल्या शहरात, एका फ्रिजमध्ये
दोन कुप्या निघाल्या,
कुण्या घोड्याच्या रक्तातून काढलेल्या,
ज्यानं हे विष थोडं थोडं पचवलं
आणि ज्याला वास्ते म्हणजे काय ते ठाऊक नाही.

"बरी होईन ना जी?"
डॉक्टर म्हणाले, "जे विष नसांना चिकटलं, ते हे औषध सोडवत नाही.
अजून रक्तात फिरतंय, तेवढंच पकडतं.
म्हणून घाई."
देवाजी जरा वेळ गप्प बसला.
"म्हणजे बांधी फुटली,
गेलं ते पाणी गेलं.
पार बांधला तं बाकीचं रायते."
डॉक्टरांनी मान हलवली.
याहून चांगलं त्यांनाही सांगता आलं नसतं.

वैनगंगेच्या पुलावर मी फुगा दाबत होते.
एक दाब, एक श्वास.
खुशाल खड्डे चुकवत नव्हता, वेळ वाचवत होता.
आणि ती जागी होती,
त्या पडलेल्या पापण्यांमागे लख्ख जागी.

पाय तेवढे अजून तिचे होते.
उजवा अंगठा हलत होता, सारखा.
मी म्हटलं, "हो असेल तर एकदा, नाही तर दोनदा."
दुखते? दोनदा.
पोरगा? दोनदा.
भेव वाटते? थांबली. मग दोनदा. खोटं असावं.
मग मला सुचलं, उशिरा,
सगळ्यांना सुचलं तसंच उशिरा.
बाटल्या?

एकदा.

अकरा बाटल्या कपाटात,
उद्या वडशाला प्रदर्शन.
पुलावर रेंज होती, नशीब.

ब्रह्मपुरीत पेटी आली रात्री अडीचला,
बर्फ अर्धा वितळलेला.
औषध आत गेलं तेव्हा कमजोरी
मांड्यांपर्यंत उतरली होती.
तिथंच थांबली.

नऊ आठवडे मशीन तिचा श्वास घेत होतं.
नऊ आठवडे तिनं अंगठ्यावर घर चालवलं,
खत केव्हा टाकायचं, शेळी विकायची का (दोनदा),
गटाचा हिशेब कोणाकडे.

दहाव्या आठवड्यात मी भेटायला गेले.
डावी पापणी धानाच्या दाण्याएवढी वर.
आवाज नळीनं सोलवटलेला,
कान जवळ न्यावा लागला.

"दोघी आल्या का?"

मी एकटीच होते.
"हो," म्हटलं, आणि
दोघींसाठी जागा होईल अशी
खाटेच्या कडेला बसले.